शेजाऱ्यांची रेघ खाली कशी?

३ फेब्रुवारी, सकाळ
आजपासून चिडायचं नाही. डॉक्टरांनी बजावलंय, बायकोनेही. मी मुळात शांत माणूस आहे, हे दोघांनाही कळत नाही याचाच संताप येतो.

३ फेब्रुवारी, संध्याकाळ
चिडलो. पण कारण होतं. पिकांमुळे कुठल्या देशातून किती हरितगृह वायू हवेत जातात, त्याचा तीस वर्षांचा तुलनात्मक अहवाल ऑफिसात आला. भातखाचरांतला मिथेन, खतांतून निघणारा वायू, धसकटं जाळल्याचा धूर, सगळं धरून. आपली रेघ वर वर. शेजारी देशाची शेवटच्या तीन वर्षांत धाडकन खाली! खाली शेरा: ‘उल्लेखनीय घट’. वा रे वा! आम्ही काय इथे माश्या मारतोय?

५ फेब्रुवारी
एवढी घट होतेच कशी? मिथेन कमी, खत कमी, धूर जवळजवळ शून्य. सरळ सरळ आकडे शिजवलेत. पुढच्या आठवड्यात दोन्ही देशांची बैठक आहे. तिथेच पितळ उघडं पाडतो. साहेब म्हणाले, आधी कारण शोधा. साहेब घाबरट आहेत.

६ फेब्रुवारी
बायकोला आलेख दाखवला. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, तिकडची काहीतरी बातमी होती ना मध्यंतरी? मी म्हटलं, विज्ञान बातम्यांवर चालत नाही. शिवाय मी बातम्या बघणं बंद केलंय. रक्तदाबासाठी.

९ फेब्रुवारी
स्लाइड तयार. शेजाऱ्यांची रेघ लालभडक. वर मथळा: ‘हा चमत्कार कसा?’ आधी प्रश्नचिन्हं तीन होती, दोन काढली. याला म्हणतात संयम.

११ फेब्रुवारी, दुपार
बैठक झाली. त्यांच्या बाजूने एक बाई होत्या, तिथल्या सांख्यिकी अधिकारी. स्लाइड लावून मी थेट विचारलं, बाई, तुमच्याकडचा धूर गेला कुठे? कुणी हसलं नाही.
बाई शांतपणे म्हणाल्या, धूर पुष्कळ होता, पण पिकांचा नव्हता. तीन हंगाम लढाई चालली. शेतांत सुरुंग पेरलेत. धान्य पेरलंच नाही, तर जाळणार काय? माझ्या भावाचं शेत त्याच पट्ट्यात आहे, म्हणाल्या. शेत आहे. भाऊ नाही.

११ फेब्रुवारी, संध्याकाळ
‘उल्लेखनीय घट’ लिहिणाऱ्याचा संताप. कारण शोधा म्हणून गप्प बसणाऱ्या साहेबांचा संताप. बायकोचाही. बातमी जरा नीट सांगायला काय झालं होतं?
एक नाव राहिलंय. ते लिहीत नाही.

१२ फेब्रुवारी
बाई निघायच्या आधी माफी मागायला गेलो. चार वाक्यं पाठ केली होती. त्यांत ‘पण’ तीनदा होतं. लिफ्टपाशी गाठलं आणि त्यांच्यासाठी लिफ्टचं बटण तेवढं दाबलं. शेवटी त्याच म्हणाल्या, थोडे सुरुंग निघालेत, यंदा काही ठिकाणी भात लावतोय. आमची रेघ वर जाईल, तुम्हाला चालेल ना?
मी म्हटलं, जाऊ द्या. चांगली वर जाऊ द्या.
आमच्या खात्यात हे वाक्य आजवर कुणी उच्चारलं नसेल.
साहेबांनी सांगितलंय, आलेख राहू दे, मथळा बदला. दुपारपासून बसलोय. अजून एक शब्द सुचलेला नाही.