वाचनालयाच्या भिंतीवरची काच

अण्णा,

काल कॉलेजातले एक मास्तर घरी आले होते. धार-देवासच्या जुन्या इमारतींवर पुस्तक लिहितायत, आपल्या घराण्याचं प्रकरण मला तपासायला आणलं होतं. त्यात तुमच्याबद्दल एक वाक्य आहे. ते वाचल्यापासून अन्न गोड लागत नाहीये, म्हणून हे लिहायला बसले.

देवासचं वाचनालय आजोबांनी बांधलेलं. संस्थानं विलीन झाली, नवं सरकार आलं, आणि नव्या खात्याच्या इंजिनियरसाहेबांना त्याच्या मागच्या भिंतीत भेग दिसली. तुम्ही भेगेवर आडवी काचेची पट्टी चुन्यात बसवलीत आणि ओल्या चुन्यात खिळ्याने तारीख कोरलीत. भिंत सरकली तर काच तडकणार. महिनाभर शाबूत राहिली तर इमारत वाचणार आणि तुम्हाला त्याच खात्यात नोकरी. आई पोळ्या लाटता लाटता म्हणायची, "आपला सगळा संसार आता त्या काचेवर आहे गं!" मी तेरा वर्षांची. शाळेतून येताना रोज वाट वाकडी करून काच बघून यायची.

महिना संपायच्या आदल्या दिवशी दुपारी ती तडकलेली दिसली. तुम्ही धारला धर्मशाळेच्या कामावर, संध्याकाळी परतणार. मी धावत घरी येते, आजोबांच्या तसबिरीची काच काढते, तुमच्या पेटीतल्या हिऱ्याच्या लेखणीने पट्टी कापते. चुना कालवून वाचनालयात जाते, जुनी पट्टी खरवडून नवी बसवते आणि तुमच्याच वळणाने तीच तारीख कोरते. काम इतकं सुबक झालं होतं की एरवी तुम्ही शाबासकी दिली असतीत.

सकाळी साहेब आले. मी तुमच्या मागे उभी. तुम्ही वाकून चुन्यावर अंगठा टेकवलात. चुना अजून ओला होता, अंगठा पांढरा झाला. तुम्ही वळून पाहिलं नाहीत, नुसता अंगठा धोतराला पुसलात.

"कांच तो साबुत है बाबूजी," साहेब म्हणाले. "लिख दूँ, इमारत ठीक है?"

"नहीं साहब. टूट गई थी. कल मैंने बदल दी."

"आपने?"

"जी, मैंने. बाप की इमारत है, मन नहीं माना."

पंधरा दिवसांत भिंतीला पहार लागली. नोकरी गेलीच, आणि देवासात तोंड दाखवायची सोय राहिली नाही म्हणून आपण धारला आलो. सभागृहं बांधणारा माणूस पुढे लोकांच्या ओट्यांचे आणि न्हाणीघरांचे नकाशे काढत बसला. आजोबांच्या तसबिरीला तुम्ही पुन्हा काच बसवली नाहीत. रोज सकाळी उपरण्याने तिच्यावरची धूळ तेवढी पुसायचात. मी समोर चहा पीत बसलेली असायची.

एक थोबाडीत तरी द्यायचीत हो! शाईची चुकलेली रेघ ब्लेडने खरवडली म्हणून तुम्ही माझा अख्खा कागद फाडला होतात. "चुकली तर चुकली म्हण, सारवासारव करू नकोस," म्हणाला होतात. आणि या चुकीला एक शब्द नाही? राग येतो मला तुमचा. ऐंशी उलटली तरी येतो. तुम्ही विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं, असं मी इतकी वर्षं स्वतःला बजावत आले.

काल मास्तरांनी विचारलंच. त्या वाक्यावर बोट ठेवून म्हणाले, "काच त्यांनी स्वतः बदलली, असं सगळे सांगतात. खरं आहे ना, बाई? नसेल तर काढून टाकतो." मी चष्मा लावला, पेन्सिल घेतली. वाचनालयाच्या दाराची रुंदी त्यांनी सहा फूट लिहिली होती, ती खोडून साडेपाच केली. तुमचं वाक्य तसंच ठेवून पान परत दिलं.