पाणी न लागणारं अंगण

कोंदिवडे, ता. कर्जत
४ फेब्रुवारी २०२४

चि. सौ. श्रद्धा हिस गौराबाईचे अनेक आशीर्वाद.

'सौ.' लिवताना हात जरा थांबला, पण लिवलं. माझ्या जितेशचा टेंपो घाटात उलटून तो गेला तवापासनं दोन वरसं तुझ्या नावामागं ते नव्हतं. आता हाय ते बरं हाय. फोनवर मला काय ऐकू येत नाय, म्हणून पत्र.

तू लग्न होऊन मोहोपाड्याला गेलीस त्याला दोन महिने झाले. तुझ्या कुंड्या माना टाकून बसल्यात. शेवंती गेली, गुलाबाच्या नुसत्या काड्या राहिल्या. हापशावरनं कळशी आणायला गुडघे होय म्हणत नाय. शेजारची आवडी म्हणते, सगळं काढून सिमेंट करून घ्या. मी म्हटलं, आधी सुनेला इचारते. रोज पाणी नको, वाकायला नको, आन तरी दारात बसल्यावर बरं वाटंल असं काय करता येतं का, ते कळव. दिवसभर ओट्यावरच असते मी. कुठंतरी बघायला पायजे ना.

धनेशरावांच्या आईला चहात साखर किती लागते ते इचारून घे गं. मला पहिला महिनाभर पाक पाजलास.

लोभ हायच, तो वाढव.
गौराबाई


मोहोपाडा
१३ फेब्रुवारी

ती. आईंस श्रद्धाचा शि. सा. न. वि. वि.

सिमेंट अजिबात करू नका. शेवंतीच्या जागी कोरफड आणि सदाफुली लावा, आठवड्याला तांब्याभर पाणी पुरतं. ऑफिसटाइमच्या काड्या नुसत्या मातीत खोचल्या तरी दहाच्या उन्हात फुलतात. रिकाम्या कुंड्या पालथ्या घालून गेरूने रंगवा आणि दाराशी रचा. ओट्याच्या कडेला नदीतले गोटे पसरा म्हणजे गवत येणार नाही. ते आवडीकडून आणवा, तुम्ही उचलू नका. रांगोळीसाठीही वाकू नका. फरशीवर पांढऱ्या ऑइलपेंटने एकदाच काढून घ्या. मागे टेंपोचे दोन टायर पडलेत, त्यांतही कोरफड छान दिसेल. तुम्हाला चालणार असेल तरच.

इथे आम्ही दुसऱ्या मजल्यावर. खिडकीच्या गजाला दोन डबे बांधलेत, तेवढंच माझं अंगण. धनेश चांगले आहेत. वाईट असते तर रडायला निमित्त तरी मिळालं असतं. तुम्ही स्वतः स्थळ शोधलंत, मला नाही म्हणू दिलं नाहीत. कधी कधी त्याचा राग येतो, आई.

गुडघ्यांना तेल लावत जा. माया कमी करू नका.
आपली,
श्रद्धा


कोंदिवडे
२ एप्रिल

चि. सौ. श्रद्धा हिस आशीर्वाद.

तू सांगितलंस तसं सगळं केलं. रांगोळी आवडीनं काढली, मोर काढायला गेली आन बदक झालं. आता ते बदक जन्मभर दारात बसणार. ऑफिसटाइम मात्र गुलाबी फुललंय. येणारे-जाणारे थांबून बघतात.

टायरांचं जमलं नाय. रंगाचा डबा घेऊन बसले होते, पण हात लावला की वंगणाचा वास येतो, त्याच्या कपड्यांना यायचा तसा. मग आवडीला दिले. तिच्या दारात लावलेत.

आवडीच्या फोनवर तुझी गोड बातमी कळली. गल्लीत साखर वाटली. भेटायला येते म्हणालीस म्हणं. येऊ नको. ऊन हाय, रस्त्याला खड्डे हायत.

जपून राहा, हेच मागणं.
गौराबाई


मोहोपाडा
१३ मे

ती. आईंस सा. न.

तुम्ही नको म्हणालात तरी काल आलेच. धनेशनी मित्राची गाडी मागून आणली होती. दाराला कुलूप होतं. तुम्ही खोपोलीला भागूबाई आत्यांकडे गेल्याचं आवडी म्हणाली, पण माझ्याकडे बघत नव्हती. तासभर ओट्यावर बसले. अंगण सुंदर झालंय. पाणी घालायला तांब्या घेतला, तर माती ओलीच होती. अंगणाला माझी गरज उरली नाही, याचं बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

माझं काही चुकलं का, तेवढं कळवा.
आपलीच,
श्रद्धा


कोंदिवडे
२० मे

चि. सौ. श्रद्धा हिस अनेक आशीर्वाद.

तुझं काय चुकलं नाय. मी खोपोलीला गेले नव्हते. वळणावर गाडीत तू दिसलीस तशी आत गेले आन आवडीला बाहेरनं कुलूप घालायला लावलं. तासभर खिडकीच्या फटीशी उभी होते. तू हाक मारलीस ती ऐकू आली नाय, पण ओठ दिसले. धनेशरावांनी तुला उन्हातनं सावलीत सरकवलं, तेही बघितलं. असा माणूस मीच हुडकला म्हणून समाधान वाटलं, आन तिथंच जीवही तुटला.

तू आत आली असतीस तर मी तुला माघारी जाऊ दिलं नसतं, पोरी. तुझं पोट बघून मी आतल्या आत जितेशचं नाव घेतलं. ते लेकरू त्याचं नाय, हे मला कळतं, पण मनाला कळत नाय. त्या लेकराला त्याची आजी हाय. तिच्या वाटणीचं मी घेऊ नये.

म्हणून सांगते, आता येऊ नको. पत्रही नको. बाळंत झालीस की आवडीला फोन कर, ती मला सांगंल.

लोभ तिकडच्या घरावर कर. इथं ठेवून गेलीस तेवढा मला पुरंल.
गौराबाई