घर म्हटल्यावर पहिला शब्द

पौष शु. ५, शके १८५०. दहिवली.

संक्रांतीचं हळदीकुंकू कालच उरकलं, पाय नुसते भरून आलेत. तर संध्याकाळी ह्यांनी मला समोर बसवलं. ह्यांच्या मास्तरकीच्या ट्रेनिंगच्या परीक्षेला मानसशास्त्र आहे (पुढे मा.शा. लिहीन, हात मोडतो). मुंबईहून जाडजूड पुस्तक आणलंय. तिकडच्या पंडितांचा शोध म्हणे: आपण एक शब्द बोलायचा, समोरच्याने मनात येईल तो पहिला शब्द सांगायचा. घड्याळ लावून बघायचं. जिथे अडखळेल तिथे मनात काही दडलेलं.

पाणी – घागर. शाळा – छडी. (हसले.) साप – मी गप्प. "का थांबलीस?" अहो, दिवेलागणीला कोणी त्याचं नाव घेतं का? लांबडं म्हणतात. ह्यांनी मान डोलावून काहीबाही लिहिलं. माझ्या मनात काय दडलंय ते देव जाणे नि हे जाणोत!

मग "घर". मी पटकन म्हणाले, कळंब.

पेन्सिल थांबली. "लग्नाला इतकी वर्षं झाली, अजून घर कळंबलाच?"

माहेर आहे माझं. येणारच तोंडात. पण रात्रीची आमटी खारट झाली होती, तेही बोलले नाहीत.

पौष शु. ८

धाकूदादा आला होता. आमच्या माहेरच्या शेजारचा, कळंबहून गाडी घेऊन स्टेशनावर पेंढा टाकायला येतो. अंगणातूनच म्हणाला, "ताई, तुमच्या आयला बरं नाय. छातीत कळ येते. तुमचंच नाव काढती. बसा गाडीत, मी नेतो."

ह्यांना विचारलं. "बघू."

बघू काय? आई आहे माझी!

"तुझं मन आधीच तिकडे आहे, ते त्या दिवशी दिसलंच. आता निमित्त मिळालं."

निमित्त! जळ्ळं मेलं ते निमित्त. धाकूदादा रिकामी गाडी घेऊन गेला. मी वळणापर्यंत बघत राहिले.

पौष शु. ११

आता काहीही करा, मा.शा. आहेच. रडले तर दडलेलं वर आलं. गप्प बसले तर दाबून ठेवतेस. हसले तर त्याचंही काहीतरी निघतं. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना.

शेजारच्या गोदूवहिनी म्हणतात, "नवरा दारू पीत नाही, हात उगारत नाही, आणखी काय हवंय गं तुला?" खरंच की. एका शब्दापायी कोंडलंय हे सांगितलं तर हसतीलच. दाराला कडी नाही. पण न विचारता गेले तर परत कोणत्या तोंडाने येऊ? आई कशी असेल

पौर्णिमा. शाळेला सुट्टी.

दुपारी धीर केला. म्हटलं, आज मी विचारते, तुम्ही सांगा. घड्याळ माझ्याकडे द्या. स्वारी खूष.

फळा – खडू. आंबा – कोय. आई –

चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला. "दुसरा शब्द विचार."

नाही विचारला.

मग आपणहून बोलले. हे लहान असताना सासूबाई बाळंतपणाला पेणला माहेरी गेल्या. गाडीत बसताना म्हणाल्या, आलेच रे. तिकडेच गेल्या, बाळही गेलं. "मी कुंपणाशी बसायचो," म्हणाले. एवढंच.

सासूबाई लवकर गेल्या हे माहीत होतं. कशा गेल्या ते या घरात कधी कोणी सांगितलं नाही.

मेलं ते पुस्तक खरं बोलतं. आता मला रागवायचीही सोय उरली नाही. परवापर्यंत हा माणूस दुष्ट वाटत होता, तेच बरं होतं.

पौष व. २

सकाळी भाकरी खाता खाता म्हणाले, "जा तू. पण लवकर ये." मी पुन्हा विचारलंच नाही, न जाणो शब्द फिरवतील. धाकूदादाला निरोप धाडला. बोचकं बांधलं, आईसाठी सुंठीचे लाडू घेतले. निघताना 'आलेच' म्हणायचं नाही.

पौष व. ३

पहाटेपासून ह्यांना ताप. हात लावला तर चटका बसला. सोंग नाही हे. मनाला नको असलं की अंग तापतं, असंही त्या पुस्तकात असेल एखाद्या पानावर. असो. ताप तो ताप.

म्हणतात, "तू जा, मी पडून राहतो." आणि माझा पदर मुठीत. आपण धरलाय हे त्यांना कळतही नसावं. गोदूवहिनींना हाका मारल्या, त्या भल्या सकाळीच खोपोलीला गेल्यात. उजवा हात मोकळा आहे म्हणून हे लिहितेय.

धाकूदादा अंगणात उभा. "ताई, चला. आयनं कालपासून पेजबी नाय घेतली."

म्हटलं, थांब रे जरा.

"थांबतो. पन किती येळ, ताई?"