जांभळापाशी लागलेलं पातं

हेमराज,

तुहा फोन बंद आहे म्हणून लिहून राहिली. तुह्या बाबाले घेऊन मी भिलाई-तीनच्या दवाखान्यात चालली. बाजूची दामिनी ऑटो घेऊन आली आहे.

मागच्या वाडीतलं गवत कापाले नायलॉनच्या दोरीची मशीन आणा, असं तू म्हणत होता. चाकाची त्या खड्ड्यायत चालत नाही, अन् लोखंडी पातं झाडाच्या मुळाले लागलं का मशीन उसळते, हे तू बरोबरच सांगितलं. पण सांगता सांगता तू बापाची कॉलर धरली, भिंतीवर ढकललं. मग तुह्यावरच्या रागानं त्यायनं खुर्सीपारहून पात्याचीच मशीन भाड्यानं आणली.

जांभळापाशी पातं मुळाले लागलं. मशीन उसळली, बाबा उतारावर पडले अन् पोटरी हाडापर्यंत फाटली. पातं फिरूनच राहिलं होतं. मी मागून धावली अन् बटन बंद केलं. तर त्यायनं मलेच थापड मारली. म्हणे, "तू कावून मधात आली?"

या वेळी मी पण मारली, हेमराज. पुऱ्या ताकदीनं. ते लहान पोरासारखे रडाले लागले, तेव्हाच पदर फाडून पाय बांधता आला.

भात झाकून ठेवला आहे. वाडीत रक्त सांडलं आहे, त्यावर पाणी टाकजो. मग दवाखान्यात ये. पण बापावर परत हात उचलाचा असंल, तर पहिले माह्यासमोर उभा राहाजो. आता मले मारता येते.

आई