आक्काताईचं तेल आणि न दिसणारा उजेड

ती. वन्सं,
शरणु शरणार्थी. तुमचे गुडघे आता जिना चढू देत असतील, अशी आशा करते. (चंदगडचा पाऊस गुडघ्यांना विचारून पडत नाही, म्हणून मी विचारते.) मी बरी आहे. हे जाऊन तीन वर्षं झाली, तरी चहा दोन कपच टाकते. दुसरा मीच पिते.

आता रागाचं कारण. आपल्या शेंगतेलाच्या घाण्यासमोर आक्काताईचा करडईचा घाणा आहे. परवा ती चार गिऱ्हाइकांदेखत म्हणाली, "वैनी, तुमचं मालक रोज अकराला आमच्यात येऊन भाकरीवर कच्चं तेल घ्यायचं की! म्हणायचं, असली चव आमच्या घाण्याला न्हाय." (मला बँकेत जातो म्हणून सांगायचे. एकवीस वर्षं रोज अकराला कसली बँक, हे मी एकदाही विचारलं नाही.) आपल्या घाण्यात दाणे मी ओतायचे, वन्सं. म्हणजे चव माझ्याच हाताची कमी.

वाचनालयातून तेलावरचं पुस्तक आणलं. ज्यात बहुअसंतृप्त मेदाम्लं जास्त ते तेल तब्येतीला चांगलं, आणि ती मोजता येतात, असं त्यात वाचलं आणि दोन बाटल्या घेऊन तुमच्या शांभवीची प्रयोगशाळा गाठली. आपलं तेल मलमलीतून सात वेळा गाळलं होतं. आक्काताईचं मुद्दाम तळातलं घेतलं होतं. शांभवीनं दोन्ही तेलं क्षारात तापवली, मग डोळ्यांना न दिसणारा उजेड त्यातून सोडला. जे तेल हा उजेड जास्त गिळेल, त्यात ही आम्लं जास्त. आपल्यात निघाली तीस टक्के, तिच्यात पंच्याहत्तर! मी म्हटलं, "यंत्र बंद करून परत लाव." तिनं लावलं. तेच. "मामी, गाळून काय होत न्हाय. बियाण्यातच असतंय ते." पोरगी तुमच्यासारखीच तोंडावर बोलते. माझं मत, यंत्र आक्काताईला सामील आहे.

तुमची,
शांतादेवी

ता. क. आक्काताईचं तेल भाकरीवर घेऊन बघितलं. दोन भाकऱ्या गेल्या. एवढी ओळ फाडून टाका.

आणखी ता. क. पत्र लिहिलं ते खरं यासाठी. दर दिवाळीला हे तुमच्याकडे तेलाचा डबा घेऊन यायचे. तो शेंगतेलाचा असायचा की करडईचा? शेंगतेलाचा असेल तर परतीच्या टपालानं कळवा. करडईचा असेल तर माझं पत्र तुम्हाला मिळालंच नाही.