कादंबरीतला तो डॉक्टर

आई, त्या डॉक्टरवर मी अजून जळते. तो कादंबरीतलाच, खरा नव्हेच. पण दुपारी निपाणीच्या आपल्या सोप्यात तू त्याचं बोलणं वाचायला लागलीस की तुझा आवाज असा काही मऊ व्हायचा, की ते पुस्तक उचलून चुलीत घालावंसं वाटायचं. गल्लीतल्या बायका मांडीवर सुपं घेऊन बिड्या वळत बसलेल्या. वाचताना तुझे हात अडकलेले, म्हणून जी ती आपल्यातल्या थोड्या बिड्या तुझ्या सुपात टाकायची. वाचणारीची मजुरी बुडू द्यायची नाही, असा त्यांचा शिरस्ता होता. डॉक्टर नायिकेला म्हणतो, "दमलीस ना? बस, चहा मी करतो," आणि सगळ्यांची बोटं थांबतात. शेजारची आक्का म्हणते, "परत वाच गं तेवढं." तू परत वाचतेस, आधीपेक्षा सावकाश.

मला कधी त्या आवाजात काही म्हणालीस? माझ्या वाट्याला "पाणी आलंय, ऊठ" आणि "वेणी घालून घे." ताप आला तरी कपाळावर हात ठेवून "व्हय, हाय जरा," एवढंच. तुला गोड बोलता येतच नाही, असं असतं तर मी समजून घेतलं असतं. पण येत होतं की, आणि ते सगळं त्या परक्या माणसाला जात होतं. एकदा मी फणकाऱ्यानं विचारलंच, "शेवटी लगीनच हुतंय की दोघांचं. ठाऊक असलेलं काय वाचायचं त्यात?" तू रागावली नाहीस. पान दुमडून म्हणालीस, "ठाऊक हाय म्हणूनच बरं वाटतंय गं. हितं सांजच्याला काय वाढून ठेवलंय, ते कुणाला ठाऊक असतंय?" बायका हसल्या. आक्का तेवढी हसली नाही. तुझं म्हणणं मला तेव्हाच पटलं होतं, पण पटल्यानं जळणं काही कमी होत नाही.

आता मी बेळगावात, अनगोळला राहते, शाळेत शिकवते. असल्या पुस्तकांना आमच्या स्टाफरूममध्ये नाक मुरडायची पद्धत आहे, मीही मुरडते. मग मध्यंतरी खोकल्यानं घरी पडून होते, तेव्हा शाळेच्या वाचनालयातली तसलीच एक कादंबरी वाचायला घेतली. यातला नायक इंजिनिअर होता, पण खोड तीच. नायिका नुसती गप्प झाली तरी तिला काय झालंय ते याला कळायचं. वाचता वाचता लक्षात आलं, मी काही त्याच्या प्रेमात पडत नव्हते. कुणीतरी आपल्याकडं नीट बघतंय, एवढंच ते सुख होतं. तुलाही तेच मिळत असणार. मी समोर बसून दिवसभर तुझ्याकडंच बघत होते की गं, तरी तू ते त्याच्याकडून घेतलंस. पुन्हा जळले.

हे तुझ्यापर्यंत जाणार नाही म्हणूनच लिहिते. रविवारी शेवटची थोडी पानं उरली होती. कॉलेजच्या नाटकात मिळालेलं काम करून दाखवायला लेक आली. "आई, बघतीस?" मी म्हणाले, "आलेच, एवढं होऊ दे." काही वेळानं मान वर केली, तर ती अजून दारातच उभी होती, आणि माझ्याकडं नव्हे, पुस्तकाकडं बघत होती. ती नजर मी ओळखते. तिथंच उठायला हवं होतं. पण इंजिनिअर नुकताच नायिकेच्या घरी पोचला होता, आई, आणि मी पान उलटलं.