एका नळीवरच्या तिघांना एकदम औषध देण्याबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधिकारी,
कामगार दवाखाना, काच कारखाना.

विषय : जठरातील जंतू उपचारानंतरही परत आल्याने भट्टी क्रमांक दोनवरील तिन्ही फुंकणाऱ्यांची तपासणी व उपचार एकाच वेळी करणेबाबत.

संदर्भ : अर्जदाराच्या केसपेपरवरील आपला शेरा, "पुन्हा तक्रार. बाहेरचे खाणे टाळावे."

महोदय,

१. अर्जदार भट्टी दोनवर मधला फुंकणारा आहे. पोटात जंतू सापडल्यावर आपण दिलेल्या गोळ्या त्याने एकही न चुकवता घेतल्या. तोंड कडूजहर झाले, अन्न समोर नको झाले, तरी घेतल्या. पुढे पिशवीत फुंकर मारण्याच्या तपासणीत जंतू गेल्याचे निघाले व आपण "सुटलास" म्हणालात. वर्ष सरायच्या आत तीच जळजळ, तीच पहाटेची कळ परत आली आणि तपासणीत जंतूही परत निघाला. आपल्या शेऱ्याबाबत निवेदन की, अर्जदार बाहेर खात नाही. डबा घरचा असतो, आणि हल्ली तोही अर्धा परत जातो.

२. "थोडा आत दडून राहिला असेल, नाहीतर कुणाकडून नवा आला असेल," असे आपणच म्हणालात. नळीतूनच आला असे अर्जदार छातीठोकपणे सांगत नाही. पण आपण भट्टीवर कधी पाऊल ठेवले नाही, म्हणून सांगणे भाग आहे. एक बाटली तीन तोंडांनी होते. अर्जदाराचा थोरला भाऊ वितळलेला गोळा लोखंडी नळीवर उचलून पहिली फुंक घालतो, अर्जदार बाटलीचे पोट फुगवतो, अर्जदाराचा साडू गळा काढतो. नळी तीच. काच निवते, त्यामुळे मध्ये धुण्यास सवड नाही. पुसण्यास मुभा नाही, आणि ही बंदी कारखान्याची नव्हे, फुंकणाऱ्यांची आहे. दुसऱ्याच्या हातची नळी पुसून तोंडाला लावणे म्हणजे त्याला आईवरून शिवी देणे, असे भट्टीवर मानतात.

३. उपचारानंतर पहिल्याच दिवशी अर्जदाराने नळी फडक्याने पुसली. साडूला सगळे भोंगा म्हणतात ते उगाच नाही. तो ओरडला, "बाजूला व्हा रे, राजेसाहेबांचं तोंड खराब होईल!" सगळी भट्टी हसली. दादा हसला नाही. एवढेच म्हणाला, "माझ्या ताटात जेवून मोठा झालास. तेव्हा नाही रे पुसलंस काही." दुसऱ्या दिवसापासून फडके खिशातच राहिले. कळत होते, वळत नव्हते.

४. जंतू परतल्यावर अर्जदाराने मुकादमांकडे वेगळी नळी मागितली. मिळाली, तोंडाकडे लाल रंग फासून. पण अर्धी फुगलेली बाटली या नळीवरून त्या नळीवर उडी मारत नाही. सबब आता तिघेही लालच नळी फुंकतात. भिंतीला टेकवलेल्या बाकीच्या नळ्यांना संसर्गापासून पूर्ण संरक्षण मिळाले, याबद्दल अर्जदार कारखान्याचा आभारी आहे.

५. आता आपण दुसरी औषधे लिहून दिली आहेत. तीही लागू पडली नाहीत तर पुढे फारसे काही उरत नाही, हेही आपलेच बोल. अर्जदाराने एकट्याने बरे व्हायचे आणि त्याच नळीला तोंड लावायचे, म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणे. बाकी दोघांचे काय, असे विचारता "ज्याला दुखेल तो येईल" असे उत्तर मिळाले. साहेब, तो येणार नाही. दवाखान्याची पायरी चढलेल्यांना याआधी खोकी भरायला धाडले आहे. अर्जदार वाचला तो मधल्या जागेला दुसरा माणूस नाही म्हणून. आणि फुंकणारा मरेल पण खोकी भरणार नाही, ही त्याची मस्ती.

६. आता खरे सांगतो ते हे. दादाला शौचास डांबरासारखे काळे होते, म्हणजे पोटात रक्त झिरपत असणार. कारखान्याच्या संडासाला पाणी नसते, म्हणून कळले. विचारले तर म्हणतो, "लोहाच्या गोळ्या चालू आहेत, त्यानं काळं होतं. तू तुझं बघ." कुणी दिल्या ते सांगत नाही. परवा गोळा उचलताना त्याला भोवळ आली. नळी टेकून कसाबसा उभा राहिला, आणि काच जमिनीवर ओघळली.

तिघांना एकाच दिवशी तपासावे, ज्यांच्यात जंतू निघेल त्यांना एकदमच औषध द्यावे, नळीवर चढवायचे सुटे तोंड प्रत्येकाला आपापले द्यावे. या विनंत्या आठवडाभर थांबतील. दादाला मोठ्या रुग्णालयात नेणे आजच्यापुढे थांबणार नाही. चिठ्ठी धाडू नये, तो ती भट्टीत टाकील. आपण स्वतः यावे आणि सगळ्यांदेखत त्याला घेऊन जावे.

हा अर्ज त्याला न विचारता केला आहे. चुगली कुणी केली असे त्याने विचारल्यास खुशाल अर्जदाराचे नाव सांगावे. तो अबोला धरील, आणि त्याचा अबोला साधा नसतो. तो खूप वर्षे टिकावा, एवढ्यासाठीच हा अर्ज आहे.

आपला, अजून तरी नम्र,
(सही)
मधला फुंकणारा, भट्टी क्रमांक दोन

दिनांक : १७, सकाळची पाळी लागण्यापूर्वी
सोबत : तपासणीचे दोन्ही अहवाल, जंतू गेल्याचा व आल्याचा.